घरच्या सर्व्हरला प्रमाणपत्र कोणते घ्यावे?

नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेला पासपोर्ट परदेशातल्या विमानतळावर चालतो. तिथला अधिकारी तुम्हाला ओळखत नसतो. पासपोर्ट देणाऱ्या सरकारवर त्याचा विश्वास असतो. एसएसएल प्रमाणपत्राचेही असेच आहे. जुन्या संगणकाला मोठी हार्डडिस्क जोडून घरचे फोटो किंवा मळ्यातल्या कॅमेऱ्याचे चित्रण घरीच साठवता येते. बाहेरून मोबाइलवर ते पाहताना पासवर्ड वाटेत कुणी वाचू नये, यासाठी हे प्रमाणपत्र लागते.

ते स्वतःच बनवता येते, फुकट. माहिती तितकीच पक्की कुलूपबंद होते. पण सही तुमचीच असल्याने ब्राउझर धोक्याचा इशारा देतो आणि घरातले सगळे तो रोज डावलायला शिकतात. खरी गोम इथे आहे. उद्या हॉटेलच्या वाय-फायवर कुणी मध्ये बसून बनावट प्रमाणपत्र पुढे केले, तर तोही इशारा तितक्याच सहज डावलला जाईल. स्वतःचे प्रमाणपत्र घरातल्या प्रत्येक फोनमध्ये आधीच बसवून ठेवले तर ही अडचण येत नाही, पण एवढा उपद्व्याप करतो कोण?

विकतचे प्रमाणपत्र अधिक मजबूत, हा मात्र गैरसमज. 'लेट्स एन्क्रिप्ट' ही ना-नफा सेवा २०१५ पासून मोफत प्रमाणपत्रे देते. मुदत फार तर ९० दिवस. नूतनीकरण सॉफ्टवेअर आपोआप करते. विकतच्यांची मुदतही टप्प्याटप्प्याने घटून २०२९ मध्ये ४७ दिवसांवर येणार आहे. तेव्हा घरासाठी पैसे मोजू नयेत. स्वतःचे डोमेन नाव मात्र हवे. घरच्या ब्रॉडबँडला अनेकदा स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता नसतो. तरी डोमेनच्या डीएनएस नोंदीत दिलेली सांकेतिक ओळ टाकून मालकी सिद्ध करता येते.

सही करणाराही चुकू शकतो. जुलै २०१४ मध्ये आपल्याच एनआयसीच्या यंत्रणेतून गूगलच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले होते. असे प्रकार लगेच दिसावेत म्हणून आता नवी प्रमाणपत्रे सार्वजनिक नोंदवहीत चढतात. तुमच्या सर्व्हरचे नावही तिथे कुणालाही वाचता येते. त्यामुळे त्या नावात आडनाव, सोसायटी किंवा 'कॅमेरा' असले शब्द घालू नका.