सूर, श्वास आणि कोंडलेली हवा

एकत्र गाण्याने रोग पसरतो का, असे मला अजूनही विचारले जाते. उत्तरासाठी मी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातले एक उदाहरण सांगतो.

तिथल्या माउंट व्हर्नन गावी १० मार्च २०२० च्या संध्याकाळी स्कॅजिट व्हॅली कोराल या समूहगान मंडळाची तालीम झाली. ६१ जण आले होते. कोरोनाची बातमी सर्वांना ठाऊक होती. म्हणून हात निर्जंतुक केले, हस्तांदोलन टाळले. अडीच तास तालीम चालली. एकाला मात्र आधीपासूनच सर्दीसारखा त्रास होता. तो धरून एकूण ५३ जण आजारी पडले. ३३ जणांचे निदान चाचणीने झाले, बाकीच्यांचे लक्षणांवरून. दोघे दगावले.

हात स्वच्छ होते, मग चुकले कुठे? नंतरच्या अभ्यासाने बोट ठेवले ते हवेवर. आपण बोलतो, गातो तेव्हा घशातून आणि फुप्फुसातून अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. ते लगेच खाली बसत नाहीत. बंद खोलीत उदबत्ती लावली, की थोड्या वेळात धूर कोपऱ्याकोपऱ्यात पोहोचतो, तसेच हे. चार हात लांब बसल्याने धोका कमी होतो, पण संपत नाही.

दोष एकट्या गाण्याचाही नाही. ब्रिटनमधील ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांना आढळले, की सारख्याच आवाजात बोलले काय किंवा गायले काय, फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो आवाजाच्या मोठेपणाने. अगदी हळू आवाजाच्या तुलनेत खूप मोठ्या आवाजात हे कण २० ते ३० पट वाढतात. फुंकून वाजवायच्या वाद्यांतून निघणारे कण मोठ्याने गाण्यापेक्षा कमीच भरले. तरीही वादक दर थोड्या वेळाने दीर्घ श्वास घेतो, आणि तो त्याच खोलीतल्या हवेतून, हे विसरू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये कोरोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पण श्वासातून पसरणारे रोग आहेतच. आपली भजनी मंडळे, बँड, गायनवर्ग यांनी इतके करावे: खिडक्या समोरासमोर उघडाव्यात, साथ असेल तर मोकळ्यावर बसावे, अर्ध्या तासाने थांबून खोलीत हवा खेळू द्यावी. आणि ज्याचा घसा खवखवतो, त्याने त्या दिवशी घरीच राहावे. मंडळात ज्येष्ठ असतात. त्यांच्यासाठी एक गैरहजेरी फार मोठी नाही.