तलवारीचा हात आणि हाताचे सांधे



शहादें तालुक्यांतील पुरुषोत्तमनगर हें गांव साखर-कारखान्याभोंवतीं वसलेलें आहे. दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू झालें कीं येथील रस्ते उसाच्या गाड्यांनीं भरून जातात. आणि फेब्रुवारींतील शिवजयंती जवळ आली कीं संध्याकाळच्या वेळीं पटांगणांत लाठी, पट्टा आणि तलवार घेतलेलीं मुलें दिसूं लागतात. वर्षाचे दहा महिने ज्यांनीं हत्यारास हात लावलेला नसतो तींच मुलें या महिन्यांत रोज दोन-दोन तास घाम गाळतात. मिरवणूक थाटांत पार पडते. त्यानंतरच्या आठवड्यांत कोणाचें कोपर धरलेलें असतें, कोणाचा खांदा वर जात नाहीं, कोणी पायऱ्या उतरतांना गुडघ्यावर हात ठेवतो. सन २०२४ मध्यें महाराष्ट्र शासनानें दांडपट्ट्यास राज्यशस्त्राचा मान दिला, तेव्हांपासून हा उत्साह अधिकच वाढला आहे. तो वाढावा अशीच माझी इच्छा आहे. परंतु हत्यार चालविणारा हात शाबूत कसा ठेवावा, यासंबंधीं आपल्याकडे फारसें बोललें जात नाहीं. म्हणून आजचा हा विषय.

युरोपांतहि हीच स्थिति आहे, हें ऐकून कदाचित् आपणांस नवल वाटेल. इटलींतील फियोरे देई लिबेरी यानें सन १४१० च्या सुमारास सिद्ध केलेला सचित्र ग्रंथ, किंवा योआखिम मायर यानें १५७० सालीं स्ट्रासबर्ग येथें छापविलेला ग्रंथ समोर ठेवून तेथील हौशी मंडळी आज दुधारी लांब तलवारीचा जुना खेळ पुन्हां शिकत आहेत. दिवसभर मेजाशीं बसणारे हे लोक संध्याकाळीं एकदम तलवार उचलतात, आणि त्यांच्या तक्रारीहि मनगट, कोपर, खांदा, गुडघा आणि अंगठा याच असतात. तलवार कोणत्या देशाची आहे हें सांध्यास कळत नाहीं. त्याला फक्त ओझें आणि हिसका कळतो.

प्रथम ओझ्याचा विचार करूं. युरोपीय लांब तलवारीचें वजन सामान्यतः सव्वा ते दीड किलो असतें. म्हणजे आपण समजतों तितकी ती जड नसते. शिवाय तिचा तोल मुठीच्या पुढें चार-सहा बोटांवरच साधलेला असतो, आणि पातें टोंकाकडे निमुळतें होत गेलेलें असतें. मिरवणुकीसाठीं घडविलेल्या पुष्कळ तलवारी म्हणजे केवळ लोखंडाच्या पट्ट्या असतात, टोंकापर्यंत सारख्या जाड. वजन तेंच असलें तरी तें मुठीपासून दूर गेलेलें असतें, आणि जितकें तें दूर तितका मनगटावर भार अधिक. हत्यार फिरत असेल तर हिशेब आणखीच बिघडतो. त्याच वेगानें फिरणारें तेंच वजन दुप्पट अंतरावर असेल, तर त्यास थांबविण्याचे कष्ट दुप्पट नव्हे, चौपट होतात. म्हणून तलवार घेतांना ती काट्यावर टाकण्याआधीं बोटावर तोलून पाहावी. तोल मुठीपासून वीतभर पुढें असेल तर ती भिंतीवर शोभेसाठीं टांगावी. सरावास घेऊं नये.

थांबविणें हा शब्द मीं मुद्दाम वापरला. इजा बहुधा वार करतांना होत नाहीं. वार थांबवितांना होते. नवशिक्या पूर्ण जोरानें हात फिरवितो आणि पातें जमिनीस लागण्याच्या भीतीनें मनगटानें तें एकदम आवरतो. पायांपासून खांद्यापर्यंत साऱ्या शरीरानें निर्माण केलेला वेग बिचाऱ्या मनगटानें एकट्यानें गिळावा, असा तो प्रकार असतो. जाणता खेळाडू वार असा आवरीत नाहीं; तो वळवितो. पातें पुढें निघून जातें, पाऊल त्याच्यामागें पडतें, आणि त्याच वेगांतून दुसरा वार निघतो. आपल्या पट्ट्याच्या हातांत हीच युक्ति भरलेली आहे.

पट्टा हें या बाबतींत मोठें विचार करण्यासारखें हत्यार आहे. त्यांत हात कोपराच्या बाजूपर्यंत लोखंडी खोबणींत जातो, आणि मूठ आंतील आडव्या दांड्यावर वळते. त्यामुळें मनगट पात्याच्या रेषेंत जखडलें जातें आणि मुरगळण्याची भीति कमी होते. पण जो भार मनगटानें घेतला नाहीं तो कोठें तरी गेलाच पाहिजे! तो कोपराकडे आणि खांद्याकडे जातो. म्हणून पट्टेकऱ्यानें सारें शरीर कमरेपासून फिरविलें नाहीं, नुसता हातच गरगर फिरविला, तर त्याचा खांदा लौकर दुखूं लागतो. आपल्या जुन्या तलवारीच्या मुठीमागें जी गोल चकती असते तिचेंहि असेंच आहे. मनगट फार पुढें वांकविलें कीं ती चकती हाताला रुतते. जणू ती सांगते कीं घाव मनगटाचा नको, खांद्याचा आणि कमरेचा हवा. जुन्या कारागिरांना शरीरशास्त्र पुस्तकांतून ठाऊक होतें असें माझें म्हणणें नाहीं, पण वापरणाऱ्यांची दुखणीं त्यांच्या कानांवर येत असलीं पाहिजेत.

आतां कोपराच्या बाहेरच्या बाजूस होणाऱ्या दुखण्याविषयीं. बोटें आणि मनगट मागें उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरील उंचवट्यास कंडरांनीं बांधलेले आहेत. मूठ घट्ट आवळली कीं मनगट सरळ राखण्यासाठीं हे स्नायू ताणले जातात. दोन तास मूठ आवळून ठेवणारा मुलगा दोन तास त्या एका उंचवट्यास ओढीत असतो. म्हणून मूठ बैलाचा कासरा धरावा तशी धरावी. सैल, पण सुटणार नाहीं अशी. घाव लागण्याच्या क्षणीं ती आवळावी आणि लगेच सोडावी. हें शिकावयास आम्हांस दूर जावें लागत नाहीं. उसाच्या फडांत मुरलेल्या हाताचा कोयता नीट पाहावा. मूठ उसाच्या बुडाशीं आवळली जाते आणि कोयता परततांना ढिली होते. मात्र तो हात दिवसभर राबतो आणि त्याचें कोपरहि अखेर दुखतेंच. नवरा-बायकोच्या जोडीलाच ज्या धंद्यांत ‘एक कोयता’ म्हणून मोजतात, तेथें त्या कोपराची चौकशी कोण करणार? हें थोडें विषयांतर झालें. पण खेळणाऱ्याच्या सांध्यांवर व्याख्यान द्यावें आणि राबणाऱ्याच्या सांध्यांचें नांवहि घेऊं नये, हें बरें दिसत नाहीं.

स्नायू आणि कंडरा यांची वाढ सारख्या गतीनें होत नाहीं, हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्नायू कांहीं आठवड्यांत बळकट होतो. कंडरेस महिने लागतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यांत मुलाला आपल्या अंगांत जोर आल्यासारखें वाटतें, आणि नेमकी त्याच वेळीं कंडरा सर्वांत मागें राहिलेली असते. यासाठीं शिवजयंतीची तयारी गणेशोत्सवानंतर सुरू करावी. आठवड्यास तीन दिवस, अर्धा-अर्धा तास. हलका मुद्गल सावकाश फिरविणें हा खांद्यास तयार करण्याचा आपला जुना उपाय आहे. एकोणिसाव्या शतकांत इंग्रजांनीं तो उचलला आणि ‘इंडियन क्लब’ या नांवानें स्वदेशीं नेला. समोरासमोरच्या सरावास फरी-गदगा आहेच. चामडें मढविलेला गदगा बोटांवर बसला तर हात झिणझिणतो. लोखंड बसलें तर अंगठा मोडतो. युरोपांतील मंडळी जाड हातमोजे घालतात, त्यांत भित्रेपणा नाहीं. बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या हाडांच्या टोंकांशीं वाढीचे कोंवळे थर असतात. त्यांच्या हातीं वेत किंवा हलकें लांकूडच द्यावें.

गुडघ्याचें थोडक्यांत सांगतों. पवित्रा बदलतांना पाऊल जमिनीस खिळलेलें आणि धड वळलेलें, अशी स्थिति कधींहि येऊं देऊं नये. वळणें चवड्यावर व्हावें, आणि गुडघ्याची वाटी पायाच्या बोटांच्या दिशेसच राहावी. खडबडीत पटांगणावर चवडा अडकतो. तेव्हां आधीं जागा झाडून घ्यावी.

सरावानंतर थोडें दुखलें आणि सकाळपर्यंत थांबलें, तर चिंता नको. सकाळींहि दुखत असेल तर सराव निम्मा करावा. रात्रीं झोपमोड होत असेल, बोटांना मुंग्या येत असतील किंवा सांधा सुजला असेल, तर सराव बंद करून डॉक्टरांकडे जावें. ताज्या सुजेवर तेल लावून रगडणें हें तर मुळींच करूं नये. पहिले दोन दिवस थंड पाण्याची पट्टी, हलका दाब आणि विश्रांति द्यावी.

हें मी अधिकारानें सांगतों असें नाहीं. चुकून शिकलों आहें. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्याकडे शिकणारा एक सोळा वर्षांचा मुलगा पवित्र्यांत घसरला आणि उजव्या तळहातावर पडला. सूज फारशी नव्हती. अंगठा ताणला असतां त्याच्या बुडाशीं जो खळगा दिसतो, तेथें दाबलें कीं तो कळवळे. मीं मुरगळलें म्हणून सांगितलें, स्वतः तेल चोळलें, आणि आठव्या दिवशीं त्याच्या हातीं पुन्हां लाठी दिली. त्या खळग्याखालीं होडीच्या आकाराचें एक लहान हाड असतें. त्यास रक्ताचा पुरवठा एकाच टोंकाकडून मुख्यतः होतो, त्यामुळें तें मोडलें तर सहज जुळत नाहीं. आणि पहिल्या क्ष-किरण चित्रांत ती चीर पुष्कळदां दिसतहि नाहीं. म्हणून त्या खळग्यांत दुखत असेल तर हात बांधून ठेवतात आणि दहा-चौदा दिवसांनीं पुन्हां चित्र काढतात. आम्हीं पहिलेंहि काढलें नाहीं. पांच महिन्यांनीं काढलें तेव्हां हाडाचे दोन तुकडे वेगळेच होते. शस्त्रक्रिया झाली, मनगट पूर्वीइतकें मागें वळत नाहीं. तो अजूनहि संध्याकाळीं पटांगणावर येतो आणि लहान मुलांना पट्ट्याचे हात डाव्या हातानें दाखवितो. कोणी तळहातावर पडलें तर तो प्रथम त्या खळग्यावर बोट ठेवून पाहतो.