शाळेच्या मैदानावरचं डिस्क गोल्फ

अमेरिकेत अनेक शाळांच्या आवारात नऊ टप्प्यांचं छोटं डिस्क गोल्फ मैदान असतं. चेंडूऐवजी प्लास्टिकची तबकडी, खड्ड्याऐवजी खांबावर साखळ्या लटकवलेली लोखंडी टोपली. तबकडी साखळ्यांवर आदळून टोपलीत पडली की टप्पा संपला. कमीत कमी फेकींत जो संपवेल तो जिंकला. या खेळाचं पहिलं कायमस्वरूपी मैदान १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये एड हेड्रिक यांनी आखलं. साखळ्यांची टोपलीही त्यांचीच.

नवखे लोक दुकानातून लांब पल्ल्याची पातळ कडेची ‘ड्रायव्हर’ उचलतात. ती वेगाने फेकता आली नाही, तर उजव्या हाताच्या बॅकहँड फेकीत लगेच डावीकडे कोसळते. जाड, बोथट कडेची ‘पटर’ सावकाश आणि सरळ जाते. छोट्या मैदानाला ती एकटी पुरते, बाकीचा खर्च नंतर. फेकताना जोरापेक्षा तबकडी सपाट सुटणं महत्त्वाचं. मनगटाची फिरकी तिला हवेत स्थिर ठेवते. पुढची फेक आधीची तबकडी पडली तिथूनच, आणि टोपलीपासून सर्वांत लांब असलेल्याची आधी.

शाळा भरलेली असताना मात्र खेळू नका, आणि वाटेत मूल दिसलं तर थांबा: तबकडी जोरात लागते.