भुलीच्या जोडीला आभासी चष्मा
दातांच्या डॉक्टरांकडे मूल घाबरतं ते बहुतेकदा दुखण्याआधीच. सुई दिसली, ड्रिलची घरघर ऐकू आली की तोंड घट्ट मिटतं. व्हर्च्युअल रिॲलिटीचा चष्मा नेमकं हेच झाकतो. डोळ्यांपुढे समुद्रतळ, कानांत त्याचेच आवाज. लक्ष तिकडे गुंतलं की वेदना कमी जाणवते. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी भाजलेल्या रुग्णांसाठी ‘स्नोवर्ल्ड’ हे बर्फाळ जग याच तत्त्वावर रचलं. दातांसाठी मात्र मान हलवायला लावणारा खेळ नको, शांत चित्रफीतच बरी. आणि हा चष्मा भुलीच्या इंजेक्शनला पर्याय नाही. मुलाला फिट येत असेल किंवा चटकन मळमळत असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा.