प्रौढ नवशिका आणि मंच : गिटारसह गायन शिकण्याच्या प्रक्रियेचा एक विचार

सारांश :
वयाच्या तिशीनंतर गिटार व गायन शिकू लागलेली व्यक्ती घरी जे सहजपणे सादर करते, ते श्रोत्यांसमोर का ढासळते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. कौशल्यसंपादनाचे टप्पे, कार्यकारी स्मृतीची मर्यादा, आवाजाची पट्टी आणि श्रोत्यांच्या उपस्थितीचा परिणाम अशा चार अंगांनी विषयाची मांडणी केली आहे. प्रौढ वय हा मुख्य अडसर नाही. अर्धवट रुजलेल्या कौशल्यावर एकाच वेळी पडणारा अनेक कामांचा भार हा खरा अडसर आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे. अखेरीस या अनुभवाचा अध्यापन व मूल्यमापनाशी असलेला संबंध स्पष्ट केला आहे.

बीजसंज्ञा : प्रौढ शिक्षण, कौशल्यसंपादन, गिटार, गायन, मंचभय, तोंडी परीक्षा.

प्रस्तावना :
महाविद्यालयीन अध्यापकाच्या आयुष्यात नवशिका होण्याचे प्रसंग फार थोडे येतात. पदव्युत्तर पदवी, सेट-नेट हे टप्पे ओलांडल्यानंतर तो ज्या विषयावर बोलतो त्या विषयाचा जाणकार म्हणूनच बोलतो. परिणामी एखादी गोष्ट मुळीच न येण्याची अवस्था कशी असते, याचा त्याला हळूहळू विसर पडतो.

प्रस्तुत लेखकाने वयाच्या चौतिसाव्या वर्षी गिटार हाती घेतली. हे वाद्य मराठी श्रोत्याला परके नाही. हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत गोमंतकीय वादकांचा वाटा मोठा होता. भूपिंदर सिंग हे गायक म्हणून जितके परिचित आहेत, तितकेच गिटारवादक म्हणूनही. ब्रिजभूषण काब्रा यांनी तर हे वाद्य रागसंगीतासाठी वापरले. तथापि परिचय असणे आणि वाजवता येणे यांत मोठे अंतर आहे, हे यथावकाश ध्यानात आले.

दहा महिन्यांच्या सरावानंतर महाविद्यालयाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात एक परिचित चित्रपटगीत गिटारसह गाण्याचे धाडस केले. घरी हे गीत असंख्य वेळा अडखळल्याशिवाय झाले होते. मंचावर मात्र पहिल्या कडव्यातच लय वाढली, वरच्या स्वराला आवाज चिरकला, आणि दुसऱ्या कडव्याच्या आरंभी बोटे थांबली. बोटांबरोबर शब्दही थांबले आणि गीत अर्ध्यावर सोडावे लागले. दुसऱ्या दिवशी वर्गाबाहेर एक विद्यार्थी म्हणाला, “सर, तोंडी परीक्षेला आमचं अस्संच होतं.” त्याच्या बोलण्यात उपहास नव्हता. त्याच विद्यार्थ्याला मागील सत्रात ‘अभ्यास केलेला नाही’ असे समजून प्रस्तुत लेखकाने तोंडी परीक्षेत कमी गुण दिले होते. ते एक वाक्य हेच या लेखाचे निमित्त होय.

१. प्रौढ वय आणि शिकण्याची क्षमता :
‘आता या वयात काय शिकणार?’ हा आपल्याकडील सर्वसाधारण समज आहे. उपलब्ध संशोधन या समजाला पाठिंबा देत नाही. आल्व्हारो पास्कुआल-लिओने व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रौढ व्यक्तींना पियानोवरील पाच बोटांचा एक पाठ दररोज दोन तास याप्रमाणे पाच दिवस दिला. एवढ्या अल्प काळात बोटांच्या हालचालींशी निगडित मेंदूच्या क्षेत्राचा नकाशा विस्तारलेला आढळला. गॅरी मार्कस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने चाळिशीच्या उंबरठ्यावर गिटार शिकण्याचा स्वतःवरच प्रयोग केला आणि २०१२ मध्ये ‘गिटार झिरो’ हा ग्रंथ लिहिला. प्रौढाला शिकता येते, परंतु त्याची वाट मुलापेक्षा वेगळी असते, हे या ग्रंथावरून दिसते.

हा वेगळेपणा कोणता? मुलाचा कान आणि हात साधारण बरोबरीने वाढतात. प्रौढाचा कान मात्र तीस-चाळीस वर्षांच्या श्रवणाने घडलेला असतो आणि हात पहिल्या दिवसाचा असतो. आपण चुकलो हे त्याला तत्क्षणी कळते, पण ती चूक दुरुस्त करण्याचे सामर्थ्य हातात नसते. पुष्कळ प्रौढ विद्यार्थी पहिल्या काही महिन्यांतच वाद्य सोडून देतात, त्यामागे वयापेक्षा ही तफावत अधिक कारणीभूत असावी, असे वाटते.

२. हाताचे काम : तीन टप्पे :
पॉल फिट्स व मायकेल पोस्नर यांनी १९६७ मध्ये कौशल्यसंपादनाचे तीन टप्पे सांगितले. पहिल्या टप्प्यात प्रत्येक कृती विचारपूर्वक करावी लागते. दुसऱ्यात कृतींची परस्परांशी सांगड बसते व चुका कमी होतात. तिसऱ्यात कृती स्वयंचलित होते.

गिटारवर हे टप्पे स्पष्ट दिसतात. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारा स्वरसमूह. आपल्या परिभाषेत सांगायचे तर मूळ कॉर्ड सा-ग-प यांचा, चौथा म-ध-सा यांचा आणि पाचवा प-नि-रे यांचा. या तिन्हींत ध-सा-ग या चौथ्या समूहाची भर घातली की असंख्य सुगम गीतांची साथ होऊ शकते. म्हणजे बौद्धिक भाग एका संध्याकाळी समजतो. परंतु एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाताना तीन बोटे एकदम उचलून तीन वेगळ्या तारांवर एकाच क्षणी टेकवणे, हे समजल्याने येत नाही. पोलादी तारांमुळे बोटांची टोके दुखतात आणि ती टणक होण्यास काही आठवडे लागतात. एफ कॉर्डच्या पूर्ण प्रकारात तर्जनी आडवी धरून पहिल्या पडद्यावर सहाही तारा दाबाव्या लागतात. बहुसंख्य नवशिके येथेच अडतात.

प्रस्तुत लेखकाची फसगतही येथेच झाली. घरी एफ कॉर्ड ‘येत’ होता, पण त्याच्या आधी मनातल्या मनात क्षणभर तयारी करावी लागत होती. म्हणजेच कौशल्य दुसऱ्या टप्प्यावर होते. घरच्या शांततेत ती क्षणाची सवलत मिळत होती, म्हणून ते तिसऱ्या टप्प्यावर असल्याचा भास झाला.

३. दोन कामे एकाच वेळी :
अ‍ॅलन बॅडली व ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या कार्यकारी स्मृतीच्या सिद्धान्तानुसार, एका वेळी जाणीवपूर्वक हाताळता येणाऱ्या माहितीला मर्यादा असते. गाताना शब्द, स्वर आणि श्वास सांभाळावे लागतात, तर वाजवताना कॉर्डचा क्रम, डाव्या हाताची जागा आणि उजव्या हाताची लय. त्यातही शब्दावरील आघात व तारांवरील आघात नेहमी एकत्र पडत नाहीत. गायन व वादन दोन्ही जाणीवपूर्वक करू गेल्यास दोन्ही कोलमडतात. एक काम विचाराशिवाय चालू लागल्यानंतरच दुसऱ्याला जागा मिळते.

यासाठी एक सोपी कसोटी वापरता येते. गीताची साथ वाजवत असताना घरातील कोणी साधा प्रश्न विचारावा आणि हात न थांबवता उत्तर देता यावे. हात थांबला तर गायन जोडण्याची वेळ आलेली नाही असे समजावे. उत्तर देता आले तर प्रथम केवळ गुणगुणावे आणि शब्द शेवटी घालावेत. नवशिक्याचा उत्साह मात्र बरोबर उलट्या क्रमाने जाऊ पाहतो.

४. आवाजाची पट्टी :
गिटार शिकणारा बहुधा मूळ ध्वनिमुद्रणाच्या पट्टीतच गाऊ लागतो. ती पट्टी मूळ गायकाच्या आवाजाची असते. आपल्याकडे पेटीवर गाणारा मनुष्य प्रथम स्वतःची पट्टी ठरवतो. पुरुष बहुधा काळी एक किंवा पांढरी दोनच्या आसपास, तर स्त्रिया काळी चार किंवा काळी पाचच्या आसपास गातात. हे शहाणपण गिटार हाती घेताच आपण विसरतो.

गिटारवर पट्टी बदलणे अवघड नाही. कॅपो नावाचा चिमटा ज्या पडद्यावर लावावा, तितके अर्धस्वर पट्टी वर सरकते. सी कॉर्डची बोटे तशीच ठेवून कॅपो पहिल्या पडद्यावर लावला की काळी एक मिळते. जी कॉर्डची बोटे ठेवून तो पहिल्या पडद्यावर लावला की काळी चार, आणि तिसऱ्यावर लावला की काळी पाच. प्रस्तुत लेखक ते गीत पांढरी एकमध्ये गात होता. त्यासाठी सी, एफ, जी आणि ए मायनर हे कॉर्ड लागत. तेच गीत जी, सी, डी व ई मायनर या कॉर्डांत बसवून कॅपो दुसऱ्या पडद्यावर लावल्यावर षड्ज खालच्या पांढरी सहावर, म्हणजे तीन अर्धस्वर खाली आला. आवाज चिरकणे थांबले आणि एफ कॉर्डची गरजही उरली नाही. ज्या दोन अडचणींशी कित्येक महिने झुंज दिली, त्या दोन्ही एका निर्णयाने दूर झाल्या. सोपे निवडण्यात कमीपणा वाटत होता, म्हणूनच हा निर्णय उशिरा घेतला गेला, हे येथे नमूद केले पाहिजे.

५. श्रोत्यांची उपस्थिती :
रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ मध्ये असे प्रतिपादन केले की, इतरांच्या उपस्थितीमुळे उत्तेजन वाढते आणि व्यक्तीची प्रबळ प्रतिक्रिया अधिक जोराने बाहेर येते. कृती पक्की असेल तर ती अधिक चांगली होते. कृती कच्ची असेल तर प्रबळ प्रतिक्रिया ही चुकीचीच असते आणि तीच प्रकट होते. तात्पर्य, मंच नवे कौशल्य देत नाही. जे रुजले आहे आणि जे रुजलेले नाही, ते तो उघड करतो.

याला भौतिक कारणांची जोड मिळते. गोंगाटात मनुष्य आपोआप मोठ्याने बोलतो. एत्येन लोंबार्ड यांच्या नावाने ओळखला जाणारा हा परिणाम १९११ पासून ज्ञात आहे. स्वतःकडे वळवलेला स्पीकर नसेल तर गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, तो जोर लावतो आणि स्वर ढळतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. सभागृहाची मागील भिंत २० मीटरवर असेल, तर तेथून परतणारा आवाज सुमारे ०.१२ सेकंद उशिरा येतो. मिनिटाला १०० मात्रांच्या लयीत हा विलंब मात्रेच्या सुमारे एक-पंचमांश इतका होतो. त्या प्रतिध्वनीच्या मागे गेल्यास लय बिघडणे अटळ आहे.

भीतीविषयी एक निष्कर्ष उपयुक्त आहे. अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही व्यक्तींना अनोळखी माणसासमोर गाण्यास सांगितले होते. गाण्यापूर्वी ‘मी उत्साहित आहे’ असे म्हणणाऱ्यांचे गायन, ‘मी घाबरलो आहे’ असे म्हणणाऱ्यांपेक्षा अधिक अचूक ठरले. छातीची धडधड दोन्ही अवस्थांत सारखीच असते. तिला कोणते नाव द्यावे, हे काही अंशी आपल्या हाती असते.

६. अनुभवातून सुचलेला क्रम :
उपरोक्त विवेचनाच्या आधारे प्रौढ नवशिक्यासाठी पुढील क्रम सुचवावासा वाटतो.
(१) तीन-चार कॉर्डांचे एकच गीत निवडावे. ते स्वतःच्या पट्टीत बसवूनच सरावास आरंभ करावा.
(२) आठवड्यातून एकदा तीन तास बसण्यापेक्षा दररोज वीस-पंचवीस मिनिटे द्यावीत.
(३) सरावाच्या वेळी चुकल्यास तेवढाच भाग संथ लयीत पुन्हा घ्यावा. मात्र सादरीकरणाच्या तालमीत चूक झाली तरी थांबू नये. उजवा हात चालू ठेवून पुढील शब्द पकडावा. न थांबणे हेदेखील वेगळे शिकावे लागणारे कौशल्य आहे.
(४) प्रथम घरातील दोन माणसे, नंतर पाच-सात सहकारी, त्यानंतर सभागृह, अशा चढत्या क्रमाने श्रोते वाढवावेत.

या क्रमाने चार महिने सराव केल्यावर प्रस्तुत लेखकाने तेच गीत प्रथम अध्यापक कक्षात व नंतर अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या निरोप समारंभात सादर केले. दुसऱ्या कडव्यात एक कॉर्ड चुकला, तथापि हात थांबला नाही आणि गीत पूर्ण झाले. सादरीकरण उत्तम होते असा दावा नाही. ते पूर्ण झाले, एवढेच महत्त्वाचे.

७. अध्यापनाशी संबंध :
तोंडी परीक्षा, चर्चासत्रातील वाचन, फळ्यासमोर उभे राहून दिलेले उत्तर ही सर्व विद्यार्थ्यांची मंचीय सादरीकरणेच होत. तेथे अडखळणाऱ्या विद्यार्थ्याविषयी ‘याने वाचलेलेच नाही’ असा निष्कर्ष आपण सहज काढतो. वस्तुतः ‘येत नाही’ आणि ‘येते, पण अद्याप रुजलेले नाही’ या दोन भिन्न अवस्था आहेत. पहिलीवर उपाय वाचन हा आहे आणि दुसरीवर तालीम. आपण विद्यार्थ्यांची तोंडी परीक्षा घेतो, परंतु तिची तालीम क्वचितच घेतो. अनेकांच्या बाबतीत तर लहान श्रोतृसमूहाची पायरी वगळून त्यांना थेट सभागृहात उभे केले जाते.

प्रस्तुत लेखक आता अंतर्गत तोंडी परीक्षेच्या आधी दोन विद्यार्थ्यांनी परस्परांना प्रश्न विचारण्याची एक तासिका घेतो. प्रत्यक्ष परीक्षेत पहिला प्रश्न परिचित विचारतो आणि उत्तरासाठी थोडा अवधी देतो. यामुळे सर्वांचे गुण वाढतात असे म्हणता येणार नाही. मात्र कोणाला वाचनाची गरज आहे आणि कोणाला तालमीची, हे अधिक स्पष्टपणे कळू लागले आहे.

समारोप :
प्रौढ वयात गिटार व गायन शिकण्यात असाध्य असे काही नाही. अपेक्षा हाताच्या मानाने ठेवावी, एका वेळी एकच भार वाढवावा, आपल्या पट्टीत गावे आणि थोड्या श्रोत्यांपुढे लवकर उभे राहावे, इतके पथ्य पाळल्यास मंच भयप्रद राहत नाही. अध्यापकाला याचा आणखी एक लाभ होतो. जे येत नाही ते इतरांसमोर करून पाहण्याची अवस्था त्याला पुन्हा अनुभवता येते. मागील सत्रात त्या विद्यार्थ्याला दिलेले गुण आता बदलता येत नाहीत. पुढील विद्यार्थी समोर बसून अडखळेल, तेव्हा निष्कर्षापूर्वी क्षणभर थांबणे मात्र निश्चितच शक्य आहे.