जुने खेळ, नवे यंत्र

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शाळेतील संगणकाच्या खोलीतले एक लोखंडी कपाट रिकामे करावयाचे ठरले. कपाट भंगारात जावयाचे होते आणि त्यातील वस्तूंची वासलात लावण्याचे काम माझ्याकडे आले होते. खालच्या कप्प्यात, मोडक्या कीबोर्डांच्या आड, साडेतीन इंची फ्लॉपींचे एक खोके सापडले. आत दहा फ्लॉप्या होत्या आणि वरच्या चिठ्ठीवर निळ्या शाईने ‘खेळ, १९९६’ असे लिहिले होते. अक्षर मी ओळखले. मी याच शाळेचा विद्यार्थी असताना जे सर आम्हांला संगणक शिकवीत, त्यांचे ते होते.

चपला दाराबाहेर काढून त्या थंडगार खोलीत शिरावयाचे, आणि सरांची मर्जी असेल तर तासाची शेवटची दहा मिनिटे खेळावयाचे, हा आमचा आठवड्यातील सण असे. ‘डेव्ह’ आणि ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हे परदेशी खेळ तर होतेच. परंतु सरांनी स्वतः बेसिक भाषेत रचलेला आगगाडीचा एक खेळही होता. गणित बरोबर आले की गाडी वडोदऱ्याहून निघून भरूच, सुरत, वलसाड अशी स्टेशने घेत मुंबईकडे सरके. चुकले की सिग्नलपाशी उभी राही. सर आज हयात नाहीत. खोके भंगारवाल्याच्या पोत्यात टाकावे की घरी न्यावे, एवढाच प्रश्न होता. मी ते घरी आणले. त्यानंतर जे जे करावे लागले ते आज आपणांस सांगणार आहे. कारण असे एखादे खोके आपल्यापैकी पुष्कळांच्या माळ्यावर असेल.

प्रथम, जुना खेळ नव्या लॅपटॉपवर सरळ का चालत नाही, ते पाहू. याची कारणे तीन आहेत. हे खेळ डॉस नावाच्या व्यवस्थेसाठी लिहिलेले आणि सोळा बिटांच्या हिशेबाचे. आजचे विंडोज चौसष्ट बिटांचे असून त्यात सोळा बिटांचा प्रोग्रॅम चालविण्याची सोयच ठेवलेली नाही. विंडोज ११ तर चौसष्ट बिटांखेरीज मिळतच नाही. दुसरे कारण असे की, जुना खेळ कोणाच्या मध्यस्थीवाचून थेट यंत्राच्या अवयवांना हात घाली. पडद्याची स्मृती, आवाजाचे कार्ड, कीबोर्ड, सर्वांशी त्याचा सरळ व्यवहार. आजची व्यवस्था कोणत्याही प्रोग्रॅमला अशी मोकळीक देत नाही, आणि ते योग्यच आहे. तिसरे कारण वेगाचे. १९८१ साली निघालेल्या आयबीएमच्या पहिल्या पीसीचा प्रोसेसर सेकंदाला सुमारे ४७ लाख ७० हजार ठोके देई. आजच्या लॅपटॉपचे ठोके अब्जांनी मोजावे लागतात. यंत्राच्या ठोक्यांवर चाल बसविलेला खेळ अशा यंत्रावर कसाबसा चालविलाच, तर नायक डोळ्याचे पाते लवण्याच्या आत खड्ड्यात पडलेला असतो.

मग यावर उपाय काय? उपाय असा की, नव्या यंत्राच्या पोटात एक जुने यंत्र उभे करावयाचे. पत्र्याचे नव्हे, प्रोग्रॅमचे. यालाच एम्युलेटर म्हणतात. आपण वडोदऱ्याची मराठी माणसे घरात मराठी बोलतो आणि भाजीवाल्याशी गुजराती. माझी वसईची मावशी येथे राहावयास येते तेव्हा तिला गुजरातीचा गंध नसतो. बाजारात तिच्याबरोबर आमच्यापैकी कोणीतरी दुभाष्या म्हणून जातो. घरात तिच्या सवयीप्रमाणे स्वयंपाक होतो, तिच्या वेळेला दिवा मालवला जातो. गाव बदलल्याचे तिला फारसे जाणवत नाही. एम्युलेटर जुन्या खेळाची अशीच बडदास्त ठेवतो. खेळ मागेल ते जुने कार्ड, जुना पडदा, जुना वेग, सारे तो लटकेच पुढे करतो आणि प्रत्येक आज्ञेचे भाषांतर करून नव्या यंत्राच्या कानी घालतो.

डॉसच्या खेळांसाठी या प्रकारचा सर्वांत परिचित प्रोग्रॅम म्हणजे डॉसबॉक्स. तो २००२ साली प्रथम प्रसिद्ध झाला. त्यास पैसे पडत नाहीत, आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर तो चालतो. तो त्याच्या कर्त्यांच्या स्वतःच्या ठिकाणाहूनच उतरवून घ्यावा. नंतर लॅपटॉपच्या सी ड्राइव्हवर ‘गेम्स’ नावाचा फोल्डर इंग्रजी अक्षरांत करून खेळाच्या सर्व फाइली त्यात ठेवाव्यात. डॉसला आठ अक्षरांहून लांब नाव पेलत नाही, हे ध्यानात असू द्यावे. डॉसबॉक्स उघडला की काळी चौकट दिसते. तिच्यात ‘माउंट’, मग जागा सोडून ‘सी’, पुन्हा जागा सोडून ‘सी कोलन बॅकस्लॅश गेम्स’ असे इंग्रजीत लिहून एंटर दाबावे. हा फोल्डर म्हणजेच जुन्या यंत्राची सी ड्राइव्ह समज, असा या आज्ञेचा अर्थ. पुढे ‘सी कोलन’ लिहून आत शिरावे आणि ‘डीआयआर’ लिहून फाइलींची यादी पाहावी. ज्या फाइलीच्या शेवटी ईएक्सई, सीओएम किंवा बीएटी असेल तिचे नाव लिहून एंटर दाबले की खेळ सुरू होतो. खेळ फार धावू लागला तर कंट्रोल आणि एफ-अकरा, रेंगाळला तर कंट्रोल आणि एफ-बारा दाबावे. पडदा भरून हवा असेल तर आल्ट आणि एंटर. पुष्कळ लॅपटॉपांवर एफ-अकरा, एफ-बारा या कळांबरोबर एफएन कळही धरावी लागते. ती न धरल्यामुळे माझा पहिला दिवस फुकट गेला होता.

हा झाला चालविण्याचा भाग. आता खेळ मिळवावयाचे कोठून? उत्तम मार्ग आपल्या घरच्या फ्लॉप्यांचा आणि सीडींचा. दुसरा मार्ग विकत घेण्याचा. २००८ साली पोलंडमध्ये सुरू झालेले ‘जीओजी’ हे दुकान जुने खेळ हक्कदारांच्या संमतीने विकते, आणि डॉसच्या खेळाबरोबर पुष्कळदा डॉसबॉक्सही जोडून देते. वरील खटाटोप मग करावा लागत नाही. तिसरा मार्ग इंटरनेट आर्काइव्ह या अमेरिकेतील ग्रंथसंग्रहाचा. २०१५ च्या जानेवारीत त्यांनी डॉसचे दोन हजारांहून अधिक खेळ ब्राउझरमध्येच खेळता येतील असे मांडले. ग्रंथालयात बसून पुस्तक चाळण्यासारखेच ते. परंतु पुस्तक चाळले म्हणून त्यावर आपली मालकी होत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ‘हा खेळ आता कोणी विकत नाही, म्हणजे तो सर्वांचा झाला’ असे मुले सर्रास म्हणतात. कायदा तसे म्हणत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाचे प्रोग्रॅम साहित्यकृतींत धरले गेले, आणि साहित्यकृतीवरील हक्क कर्त्याच्या निधनानंतर साठ वर्षे टिकतो. मात्र आपल्याजवळ रीतसर असलेली प्रत नष्ट होऊ नये म्हणून तिची राखीव प्रत करण्यास हाच कायदा मुभा देतो. शिवाय फुकट खेळ वाटणाऱ्या अनोळखी जागांवर खेळाच्या नावाने विषाणूही दिले जातात. त्याची एक साधी परीक्षा आहे. १९९० च्या सुमाराचे बहुतेक खेळ एक-दोन फ्लॉप्यांत मावत, आणि साडेतीन इंची फ्लॉपीवर १.४४ मेगाबाइटच मावतात. ‘डेव्ह’सारख्या चिमुकल्या खेळाच्या नावाखाली पन्नास मेगाबाइटची फाइल पुढे आली, तर आत खेळाखेरीज आणखी कोणीतरी बसलेले आहे असे समजावे.

परंतु कायद्यात राहून खेळ मिळवू म्हटले तरी तो मिळेलच असे नाही. २०२३ साली व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकन संस्थेने पाहणी केली, तेव्हा २०१० पूर्वी त्या देशात प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के बाजारात विकत मिळत नाहीत, असे आढळले. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ जॉर्डन मेक्नर यांनी १९८९ साली पुरा केला. त्यातील राजपुत्राचे धावणे-उडी मारणे हे त्यांच्या धाकट्या भावाच्या चित्रफितीवरून घेतलेले आहे. एवढ्या कीर्तिवंत खेळाची मूळ संहिता पुढे कर्त्यालाच सापडेना. २०१२ साली त्यांच्या वडिलांच्या घरी ठेवलेल्या खोक्यात फ्लॉप्या निघाल्या. जाणकारांनी त्या जपून वाचल्या, आणि संहिता जगापुढे आली. आणखी काही वर्षे ते खोके तसेच राहते, तर काय हाती लागले असते हे सांगवत नाही. कारण फ्लॉपीवरील अक्षर चुंबकाचे असते. काळाने ते विरते आणि दमटपणाने वरच्या लेपाला बुरशी धरते.

खेळ टिकतो तो नकलेने, ही गोष्ट वडोदरेकरांना तरी नवी नसावी. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ.स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. राजकारणापासून पाकशास्त्रापर्यंतच्या विषयांबरोबर चतुरंग आणि फासे यांच्या खेळांचेही वर्णन त्यात आहे. लेखकांमागून लेखकांनी हाताने नकला केल्या म्हणून तो ग्रंथ तरला, आणि आपल्या गावच्या गायकवाड ओरिएंटल सीरीजमध्ये १९२५, १९३९ व १९६१ साली तीन खंडांत छापला गेला. ताडपत्र असो वा फ्लॉपी, पहिली प्रत चिरंजीव नसते.

आता सरांच्या खोक्याकडे वळू. यूएसबीला जोडावयाचा साडेतीन इंची फ्लॉपीचा ड्राइव्ह बाजारात मिळतो. तो मी आणला. प्रत्येक फ्लॉपीच्या कोपऱ्यातील चिमुकली खिडकी उघडी केली, म्हणजे चुकूनही तिच्यावर नवे काही लिहिले जाऊ नये. मग आधी फ्लॉपीची हुबेहूब प्रतिमा, म्हणजे डिस्क इमेज, घेतली आणि पुढील सारी खटपट त्या प्रतिमेवर केली. दहांपैकी सात फ्लॉप्या वाचता आल्या. आगगाडीचा प्रोग्रॅम शाबूत होता, आणि ‘पीसी-बेसिक’ या विनामूल्य एम्युलेटरवर तो पहिल्याच दिवशी चालला. परंतु गणिते निराळ्या फ्लॉपीवर होती, आणि ती फ्लॉपी घरघर करून गप्प बसली. सरांनी घातलेली गणिते गेली ती गेलीच. ‘प्रिन्स’च्या प्रती जगभर आहेत, या गाडीची दुसरी प्रत कोठेही नव्हती. कपाट पाच वर्षे आधी उघडले असते तर, हा विचार मला अजून टोचतो.

सुट्टी संपल्यावर मी हकीकत सातवीच्या मुलांना सांगितली आणि नवी गणिते त्यांच्याकडूनच लिहून घेतली. आता त्या खेळाच्या तीन प्रती आहेत. एक माझ्या लॅपटॉपवर, एक शाळेच्या ग्रंथालयात, आणि एक सरांच्या घरी. सरांच्या पत्नीने स्वतः दोन गणिते सोडवून गाडी भरूचपर्यंत नेली.

श्रोतेहो, आपल्या माळ्यावरचे खोके येत्या रविवारी खाली काढा. त्यात ‘प्रिन्स’ निघाला तर आनंदाने खेळा. पण कोणाच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी असलेली फ्लॉपी निघाली, तर ती सर्वांआधी वाचा.