साबीन पास : आयातीसाठी बांधले, निर्यातीसाठी वाढले

टेक्सास आणि लुइझियाना या दोन राज्यांच्या सीमेवरून वाहत आलेली साबीन नदी जिथे मेक्सिकोच्या आखाताला मिळते, तिथे कॅमेरॉन परगण्याच्या दलदलीत जगातल्या सर्वांत मोठ्या एलएनजी निर्यात टर्मिनलांपैकी एक उभे आहे. आज वर्षाला सुमारे 30 दशलक्ष टन द्रवरूप नैसर्गिक वायू, म्हणजेच एलएनजी, इथून जहाजांत भरला जातो. एप्रिल 2008 मध्ये ते सुरू झाले, तेव्हा मात्र त्याचे काम नेमके उलटे होते. परदेशातून आलेला एलएनजी उतरवून घ्यायचा, त्याला ऊब देऊन पुन्हा वायुरूपात आणायचा आणि पाइपलाइनमधून अमेरिकेच्या शहरांकडे सोडायचा, यासाठी ते बांधले होते.

ही कल्पना चारिफ सूकी यांची. कैरोत जन्मलेला, बैरूतमध्ये वाढलेला आणि एके काळी रेस्तराँ चालवणारा हा माणूस चेनिअर एनर्जी या कंपनीचा संस्थापक. अमेरिकेतला वायू संपत चालला आहे, असे त्या काळी बहुतेक तज्ज्ञ सांगत होते आणि सूकींनी त्यावर कंपनी पणाला लावली. पण टर्मिनल उभे राहीपर्यंत टेक्सासमध्ये शेल खडकात आडवी भोके पाडून, पाण्याच्या दाबाने खडक फोडून वायू काढण्याचे तंत्र जमून गेले होते. 2008 च्या उन्हाळ्यात लुइझियानाच्या हेन्री हब या व्यवहारकेंद्रावर वायूचा भाव दशलक्ष बीटीयूला (बीटीयू हे उष्णतेचे एकक) 13 डॉलरच्या आसपास होता. 2012 च्या एप्रिलमध्ये तो 2 डॉलरच्याही खाली गेला. बाहेरून वायू आणण्याची गरजच उरली नाही. चेनिअरचा शेअर कोसळला, टाक्या जवळजवळ रिकाम्या पडल्या.

2010 मध्ये कंपनीने जाहीर केले की याच जागेवरून निर्यात करायची. ऐकणाऱ्यांना ते वेडेपण वाटले असणार, पण हिशेब पक्का होता. खोल केलेला जलमार्ग, जहाजांचे धक्के, पाच मोठ्या टाक्या आणि देशभरच्या जाळ्याला जोडलेल्या पाइपलाइनी असा अर्धा संसार आधीच मांडलेला होता. नव्हता तो फक्त वायू पाण्याच्या गोठणबिंदूच्या कितीतरी खाली नेऊन द्रवरूप करणारा कारखाना.

हा कारखाना जवळून पाहण्यासारखा आहे. आलेल्या वायूतून आधी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी काढून टाकतात, कारण थंडीत दोन्ही घट्ट होऊन नळ्या तुंबवतात. पाराही काढतात. वायूत तो नाममात्र असतो, पण शीतयंत्रातल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांना खाऊन टाकतो. मग प्रोपेन, इथिलीन आणि मिथेन या तीन शीतकांच्या टप्प्यांतून वायू उतरत उतरत उणे 162 अंशांवर येतो आणि पाण्यासारखा रंगहीन, गंधहीन द्रव होतो. आकारमान सुमारे सहाशेपटीने घटते, म्हणून तो जहाजाने नेणे परवडते. शीतकांचे कॉम्प्रेसर चालवायला विमानाच्या इंजिनांच्या धर्तीवरच्या गॅस टर्बाइन्स असतात, प्रत्येक संचाला सहा. त्या जाळतात तोही वायूच. अशा एका पूर्ण संचाला या धंद्यात ‘ट्रेन’ म्हणतात. साबीन पासला अशा सहा ट्रेन आहेत: पहिली 2016 मध्ये चालू झाली, सहावी फेब्रुवारी 2022 मध्ये.

24 फेब्रुवारी 2016 रोजी ‘एशिया व्हिजन’ हे जहाज पहिला माल घेऊन ब्राझीलकडे निघाले. अलास्का वगळता अमेरिकेच्या मुख्य भूमीवर काढलेला वायू एलएनजी होऊन परदेशी जाण्याची ती सुरुवात होती. तो क्षण पाहायला सूकी मात्र कंपनीत नव्हते. कार्ल आयकान या बड्या गुंतवणूकदाराचे प्रतिनिधी संचालक मंडळावर आल्यानंतर डिसेंबर 2015 मध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आले होते.

या ट्रेन उभ्या राहिल्या त्या खरेदीदारांनी आधीच केलेल्या वीस-वीस वर्षांच्या करारांवर. बँका कर्ज देतात ती या सह्या पाहूनच. चौथ्या ट्रेनमागची सही भारताची आहे. गेल इंडिया या सरकारी वायू कंपनीने डिसेंबर 2011 मध्ये वर्षाला 3.5 दशलक्ष टनांचा करार केला. भाव ठरला तो असा: हेन्री हबच्या दराच्या 115 टक्के, अधिक दर दशलक्ष बीटीयूला 3 डॉलर. वरचे 15 टक्के हे प्रामुख्याने द्रवीकरणात जळणाऱ्या वायूपोटी. आणि ते 3 डॉलर म्हणजे स्थिर शुल्क. माल नको म्हटले तरी ते भरावेच लागते. या एका अटीतच सगळा व्यवहार सामावला आहे. कारखान्याचा धोका मालकाच्या खांद्यावरून बराचसा ग्राहकाच्या खांद्यावर येतो.

30 मार्च 2018 रोजी या करारातले पहिले जहाज, ‘मेरिडियन स्पिरिट’, दाभोळला लागले. नाव दाभोळचे, पण टर्मिनल आहे वाशिष्ठीच्या दक्षिण तीरावर, गुहागर तालुक्यात अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला. ह्यूस्टनच्या एन्रॉन कंपनीने मांडलेला आणि 2001 मध्ये बंद पडलेला वीजप्रकल्पाचा तो डाव. त्यातले एलएनजी टर्मिनल चालू व्हायला 2013 उजाडले. लाटा अडवणारा बांध पुरा नसल्यामुळे पुढची कित्येक वर्षे पावसाळ्यात तिथे जहाज लावता येत नसे. अमेरिकेतले शुल्क मात्र बाराही महिने चालू. निर्यातीच्या टोकाला अब्जावधी डॉलर ओतले गेले आणि आपल्या टोकाला एक बांध रखडला, ही गोष्ट महाराष्ट्राने मनाला लावून घ्यायला हवी होती.

करार शहाणपणाचा होता की महागाचा? उत्तर वर्षागणिक बदलले. 2020 च्या वसंतात आशियातला तात्काळ खरेदीचा भाव 2 डॉलरपर्यंत पडला, तेव्हा जगभरच्या ग्राहकांनी शुल्क भरून अमेरिकी जहाजे रद्द केली. रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर 2022 च्या ऑगस्टमध्ये तोच भाव 70 डॉलरच्या घरात गेला आणि हेन्री हबशी बांधलेला करार हातात असणे हे नशीब ठरले. त्या वर्षी अमेरिकेचा बहुतेक एलएनजी युरोपकडे वळला आणि 2023 मध्ये अमेरिका जगातली सर्वांत मोठी एलएनजी निर्यातदार झाली.

टर्मिनलच्या कुंपणाबाहेरची हकीकत इतकी भरभराटीची नाही. कॅमेरॉन परगण्यात 2000 साली जवळपास दहा हजार माणसे होती, 2020 च्या जनगणनेत साडेपाच हजारांच्या थोडी वर. 2005 चे रिटा आणि ऑगस्ट 2020 चे लॉरा ही चक्रीवादळे तिथली वस्ती झोडपून गेली. लॉराच्या वेळी साबीन पासचे कामगार हलवून कारखाना बंद ठेवावा लागला. कोळंबीवर जगणारी कुटुंबे आता नवनव्या टर्मिनलांच्या खोदाईला आणि जहाजांच्या वर्दळीला विरोध करत आहेत. लुइझियाना राज्य मोठ्या उद्योगांना दहा-दहा वर्षे स्थानिक मालमत्ता करातून सवलत देते. शाळा आणि रस्ते चालतात ते त्याच करावर. त्यामुळे गावकऱ्यांचा राग समजण्यासारखा आहे.

सुरक्षिततेचा प्रश्न वेगळाच. जानेवारी 2018 मध्ये एका टाकीच्या बाहेरच्या पोलादी भिंतीला भेगा पडल्याचे आणि त्यातून वायू निसटत असल्याचे दिसले. आतली भिंत नऊ टक्के निकेलच्या, कडाक्याची थंडी सोसणाऱ्या पोलादाची असते. बाहेरची साध्या पोलादाची. आतला द्रव दोन भिंतींमधल्या पोकळीत शिरला की साधे पोलाद ठिसूळ होऊन तडकते. तपासणीत दुसऱ्या टाकीतही तोच दोष निघाला आणि संघराज्याच्या पाइपलाइन सुरक्षा यंत्रणेने दोन्ही बंद ठेवायला लावल्या. कोणाला इजा झाली नाही. तरीही आयातीच्या काळात बांधलेल्या त्या टाक्यांवर निर्यातीचा रोजचा भार किती पेलवतो, हे विचारण्याचा शेजाऱ्यांना पूर्ण हक्क आहे. निसटणारा मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा ऐंशीपटीहून अधिक उष्णता धरून ठेवतो, म्हणून हा शेजार गावापुरता राहत नाही.

आता विस्तार ठरतो आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये चेनिअरने तीन नव्या ट्रेन आणि प्रत्येकी 2.2 लाख घनमीटरच्या दोन टाक्यांसाठी परवानगी मागितली. त्यामुळे आजच्या क्षमतेत वर्षाला आणखी सुमारे 20 दशलक्ष टनांपर्यंत भर पडेल. भारतासारख्या, अमेरिकेशी मुक्त व्यापार करार नसलेल्या देशांना वायू पाठवण्याच्या नव्या परवानग्या बायडेन सरकारने त्याआधी महिनाभरच थांबवल्या होत्या. जानेवारी 2025 मध्ये ट्रम्प सरकारने ती स्थगिती उठवली. या ट्रेनही नव्या खरेदीदारांच्या दीर्घ करारांवरच उभ्या राहतील. गेलचा करार 2038 च्या सुमारास संपतो. नवा करार करायला बसणाऱ्या भारतीय कंपनीने स्थिर शुल्काचा आकडा, माल दुसऱ्या बंदरात वळवण्याची मुभा आणि मिथेनगळतीच्या स्वतंत्र मोजमापाची अट हे तीन मुद्दे सही करण्याआधी कागदावर आणायला हवेत.